सुकाच्या जीपचा आवाज

गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायला माणसाला लाज वाटते. पण एकदा ती मोडली की माणूस काय वाटेल ते करतो. अणुवीज प्रकल्पाच्या वसाहतीतले एक साहेब इस्त्रीच्या शर्टात माझ्या गॅरेजात उभे राहून मान हलवत ‘टिटिक टिटिक’ करायचे. एडवणहून मासळीचा टेम्पो आणणारी एक बाई तर दोन्ही गाल फुगवून असा काही आवाज काढायची की शेजारचा वेल्डर जितेश मशीन बंद करून हसत बसायचा. मी हसत नसे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकायचो आणि मग सांगायचो, सायलेन्सरच्या मानेतून हवा फुटतेय, गॅस्केट बदला. गॅस्केट बदललं की आवाज जायचा, आणि बोईसरभर बोललं जायचं की रामकिसन मिस्त्रीचा कान म्हणजे कान.

तो कान माझ्याकडे खरोखर होता, हे आधी सांगतो. मी परभणीकडचा, जिंतूर तालुक्यातला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत खिळे बनवणाऱ्या एका कारखान्यात चौदा वर्षं काढली. खिळ्याचं मशीन मिनिटाला काही शे वेळा ठोकतं, आणि आमच्या शेडमध्ये तशी बावीस होती. कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे. ते घातले की शेजारचा काय ओरडतोय ते कळत नसे, म्हणून आम्ही ते खिशात ठेवायचो आणि साहेब आला की घालायचो. कुणाला दोष देत नाही, बोळे मीच काढले होते. तिथून सुटलो आणि पालघर रस्त्याला गॅरेज टाकलं, तेव्हा कान शाबूत वाटत होता. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनवर टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायची, की आतला एकेक भाग मला वेगळा ऐकू यायचा. मी हात वर केला की जितेश ग्राइंडर थांबवायचा, गिऱ्हाइकं बोलायची थांबायची. ते सगळं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत नात स्वराला पैंजण आणले. ती घरभर पळाली. साखरबाई, म्हणजे माझी बायको, म्हणाली, काय गोड वाजतात हो. मी हो म्हणालो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पोरीचे पाय हलत होते आणि घर मुकं होतं.

त्या दिवसापासून मी लपवायला लागलो. माणसाचं बोलणं समोरून, तोंड दिसत असलं की कळायचं. बारीक आवाज गेले होते, आणि बारीक आवाजावर तर माझं पोट होतं. मग ती युक्ती निघाली. स्क्रूड्रायव्हर लावायचा, हात वर करायचा, सगळ्यांना गप्प करायचं, आणि शेवटी गिऱ्हाइकाला सांगायचं, आता तुम्ही काढून दाखवा, मला बघायचंय तुमचं लक्ष आहे का गाडीकडे. लोकांना वाटायचं मिस्त्री परीक्षा घेतो. परीक्षा माझीच चालली होती. गाडी थंड असताना बारीक टिकटिक, म्हणजे झडपांवरचे टॅपेट ढिले. वेग घेताना फटफट, म्हणजे हवा फुटतेय. आणि ओझं चढलं की आतून ठकठक, म्हणजे पिस्टनचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो ते झिजलं. तिथे गाडी जागच्या जागी बंद करायची आणि चावी आपल्या खिशात टाकायची. ते बेअरिंग सुटलं तर दांडा इंजिनची भिंत फोडून बाहेर येतो. दोन वर्षं मी लोकांच्या तोंडांवरून निदान केलं आणि एकदाही चुकलो नाही. त्यामुळे माज उतरला नाही.

मागच्या मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी सुका आला. मनोरच्या पुढे डोंगरात दाभणपाडा आहे, तिथला. पावसावरची थोडी शेती आणि एक जुनी डिझेल जीप, एवढ्यावर त्याचं घर. पाड्यातलं कुणी आजारी पडलं की सुकाची जीप, बाजाराला जायचं की सुकाची जीप. अकरा वर्षं माझ्याकडे येत होता आणि कधी आवाज चढवून बोलला नव्हता. त्या दिवशी पुढच्या सीटवर त्याची बायको कमळी बसली होती. सुका बॉनेटजवळ उभा राहून हळू म्हणाला, की थोरली प्रियंका पहिल्या बाळंतपणाला घरी आलीय, डॉक्टरीण म्हणते याच आठवड्यात, आणि गाडीत आवाज येतोय. वरच्या वळणावर मोठी गाडी बसत नाही. तिला न्यायला हीच एक गाडी.

"पोरीला न्यायची हाय, मिस्त्री. जराशी नीट बघा," एवढं तो दोनदा म्हणाला.

मी नीट बघायला हवं होतं. पण दोन गाड्या पाठीमागे थांबल्या होत्या आणि त्यांचे मालक घड्याळं बघत होते. मी हात वर केला. जितेशचं ग्राइंडर थांबलं. स्क्रूड्रायव्हर इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावली. डिझेलची घरघर तेवढी आली, बाकी काही नाही. मग नेहमीप्रमाणे सुकाला म्हटलं, काढून दाखव. तो लाजला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने ओठ उघडले, परत मिटले. मला चीड आली. लोकांसमोर आवाज काढायला लाजणारा हा पहिलाच नव्हता, पण मला उशीर होत होता.

"टिक टिक टिक, असाच ना?" मीच त्याच्यासाठी काढला.

सुकाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं.

"हव," तो म्हणाला.

थंड असताना जास्त ना, मी विचारलं. हव. मग टॅपेट आहेत, घाबरू नकोस. कमळी सीटवरून वाकून त्याला काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले मला दिसले. सुकाने हातानेच तिला गप्प केलं. मी झाकण उघडून मापाची पत्ती घालून टॅपेट नीट बसवले, ऑइलची कांडी काढून फडक्याला पुसली, पातळी बघितली, गाडी चालू केली. गेला ना आवाज, विचारलं. सुका थोडा वेळ कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, कमी झाला. दोन्ही हात जोडून तो गेला आणि मी पुढच्या गाडीखाली शिरलो.

दुपारी दोनच्या पुढे जितेश चहाचे दोन ग्लास घेऊन आला. जितेश इथलाच, माकुणसारचा, तोंडाने फटकळ पण मला वडिलांसारखं मानणारा. ग्लास ठेवून तो घुटमळला. मग म्हणाला, सकाळची जीप पुलाच्या चढाला लागली तेव्हा मी पलीकडे बिडी ओढत होतो, आवाज टॅपेटचा वाटला नाय, ठोकत होती. मी त्याला म्हटलं, तू तुझं वेल्डिंग सांभाळ. माझ्या तोंडावर कुणी कधी असं बोललं नव्हतं. तो मान खाली घालून गेला, चहाही तसाच ठेवून.

तो गेल्यावर मी सकाळचं फडकं शोधलं. ते बादलीच्या कडेला होतं. उन्हात नेऊन उलगडलं. ऑइलच्या काळ्या डागात चकाकी होती, बारीक, खूप. बेअरिंगचा धातू झिजून ऑइलात उतरतो तो असाच दिसतो. हे बघायला कान लागत नाही. डोळे लागतात, आणि ते मला होते. सकाळी तेच फडकं हातात धरून मी पुढच्या गाडीच्या मालकाला थांबा म्हणत होतो.

सुकाला फोन लावला, लागला नाही. पाच वेळा लावला. पाड्यावर रेंज टेकडीच्या एका कोपऱ्यातच येते, मला ते माहीत होतं, तरी लावत राहिलो. मग पान्यांची पिशवी मोटरसायकलला अडकवली आणि जितेशला गॅरेज बघ म्हणालो. कुठे चाललो ते सांगितलं नाही.

चिल्हारफाट्यापर्यंत मी एकच गोष्ट ठरवत होतो, खोटं काय बोलायचं. हायवेला लागलो तेव्हा ते तयार झालं होतं. एक नट सैल राहिलाय म्हणायचं, जीप हळू खाली आणू म्हणायचं, गॅरेजात आणून इंजिन गुपचूप उघडायचं. सुकाला कळणार नाही, जितेशला कळणार नाही, कुणालाच नाही. मला भीती वाटत होती त्या पोरीची, पण तितकीच माझ्या नावाची वाटत होती. ते कबूल केल्याशिवाय ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

दाभणपाड्यावर पोचलो तेव्हा साडेचार झाले असतील. जीप अंगणात उभी होती, पाठीमागे गोधड्या अंथरलेल्या. प्रियंका आत बसून लोखंडी कांबीला दोन्ही हातांनी धरून होती. दुपारपासून कळा लागल्या होत्या. बाजूला पाड्याची सुईण ठमी. कमळी पाण्याचा कॅन ठेवत होती. सुका स्टिअरिंगवर बसला होता आणि मला बघून त्याचं तोंड उजळलं. त्याला वाटलं मी पोरीसाठी आलो.

मी माझं खोटं बोललो. नट सैल राहिलाय, सुका, पोरीला घेऊन गाडी काढू नको, आधी रिकामी खाली नेऊन बघू. तो हसला, मला धीर द्यावा तसा.

"तुमी सकाळी कान लावून बघला ना? तुमी म्हणले काय नाय. मंग काय नाय."

आणि त्याने चावी फिरवली. जीप थरथरायला लागली. मी दाराला धरून उभा राहिलो. अकरा वर्षं त्याने माझ्या शब्दावर गाडी चालवली होती आणि आताही तो माझ्याच शब्दावर चालवणार होता, सकाळच्या. आताचा शब्द त्याला सकाळच्यापुढे हलका वाटला, कारण सकाळी मी हात वर केला होता आणि सगळे गप्प झाले होते. मी पुन्हा नट म्हणालो असतो तर त्याने मला बाजूला करून गियर टाकला असता. वरच्या वळणाखाली खोल उतार आहे. दांडा तिथे सुटला तर काय होईल ते मी बघत होतो.

"सुका, मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "सकाळी मी काहीच ऐकलं नव्हतं. दोन वर्षं झाली. मी ऐकल्याचं नाटक करतो."

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. सुकाने इंजिन बंद केलं. तो समोर बघत राहिला. बोलली ती कमळी. ती जीपला वळसा घालून माझ्यासमोर आली, म्हणून तिचं सगळं कळलं.

"मी ह्याला सांगत व्हती, टिकटिक नाय, आतून ठोकतो. चढाला वाढतो. ह्यो म्हणला, मिस्त्रीच्या कानापुढं आपला कान काय. तुमी असाच ना, असाच ना करून इचारलं, तर ह्यानं हव म्हटलं. तुमी गप ऱ्हाला असता तर त्यानं सांगला असता."

सुकाचा पुतण्या कमलेश टेकडीवर धावला, रुग्णवाहिकेला फोन लावून परत आला. ती दुसरीकडे गेली होती, वळणाखालपर्यंत यायलाच दोन तास लागतील म्हणाले. ठमीने प्रियंकाच्या पोटावर हात ठेवला आणि मान हलवली. दोन तास नव्हते. दोन मोटरसायकली होत्या, पण तिला बसवणं शक्य नव्हतं.

मग मी बॉनेट उघडलं. एक उपाय होता, खात्रीचा नव्हता. चार सिलेंडरांपैकी ज्याचं बेअरिंग गेलंय त्याचं डिझेल तोडलं, तर त्या दांड्यावर भार येत नाही. उरलेल्या तिघांवर गाडी रडतखडत उतरू शकते. पण कुठला ते ऐकूनच कळतं. सुकाला खाली बोलावलं. त्याला सांगितलं, गाडी चालू राहील, मी एकेक नळी सैल करीन आणि फक्त ‘आता?’ एवढंच विचारीन, तुला जे ऐकू येईल ते सांग, माझ्याकडे बघू नकोस, इंजिनकडे बघ.

कमलेशने गाडी चालू केली. मी पहिल्या सिलेंडरची नळी सतरा नंबरच्या पान्याने सैल केली. डिझेल हातावर उडालं. आता? सुका म्हणाला, हाय. नळी आवळली, दुसरी सोडली. आता? हाय. तिसरी सोडली. सुका बोलला नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या जिभेवर ‘गेला ना’ आलं होतं, ते गिळलं. इंजिन माझ्या हाताखाली लंगडत हलत होतं आणि मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभा होतो.

"गेला," सुका म्हणाला. मग परत कान देऊन म्हणाला, "हव. ठोका गेला."

खात्रीसाठी चौथी पण बघितली. चौथ्याला ठोका होता. तिसऱ्याची नळी काढून, डिझेल इंजिनवर सांडू नये म्हणून तिचं तोंड प्लॅस्टिकच्या बाटलीत घातलं आणि बाटली तारेने बांधली. गाडीत प्रियंका, ठमी, कमळी आणि पुढे आम्ही दोघं, बाकी कुणी नाही. सुकाला म्हटलं, ठोका परत आला की मला न विचारता थांब. त्याने मान हलवली. पाड्यापासून मनोरपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मान किंचित वाकवून तो ऐकत होता आणि चालवत होता. मी ऑइलच्या लाल दिव्याकडे बघत होतो, मला तेवढंच काम उरलं होतं.

वाटेत दोन चढ लागले. दोन्हीला मी आणि कमळी उतरलो आणि मागून ढकललं. ती माझ्या शेजारी दोन्ही हात लावून ढकलत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. दुसऱ्या चढावर सुकाने अचानक गाडी थांबवली. ठोका आला होता. बाटली भरून नळीचं तोंड बुडालं होतं, मी ती रिकामी केली. त्यामुळे ठोका येईल असं मला वाटत नव्हतं, पण हे आता मी कुणाला सांगणार होतो. पाच मिनिटं इंजिन निवू दिलं. मग सुकाने गाडी परत चालू केली, पुढे वाकून ऐकलं आणि बोटाने ‘चल’ केलं. त्या पाच मिनिटांत मागून प्रियंका ओरडत होती. मला ते तिच्या मानेच्या शिरांवरून कळलं.

हायवे आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मनोरच्या दवाखान्याच्या दारात जीप शिरली आणि बंद पडली. पुन्हा चालू करायचा कुणी प्रयत्नही केला नाही. दोन नर्सबाई धावत आल्या, प्रियंकाला आत नेलं, ठमी आणि कमळी पाठोपाठ गेल्या.

आम्ही व्हरांड्यात बसलो. बाकावर आणखी सहा-सात माणसं होती, कुणाचा ताप, कुणाचा हात गळ्यात. मी सुकाला म्हटलं, इंजिन मी उघडून देईन, बेअरिंग बदलून देईन, पण ते ठीक बसलं का हे दुसऱ्या कुणाकडून ऐकून घे. तो म्हणाला, बरं. मला वाटलं होतं तो काहीतरी म्हणेल, राहू द्या मिस्त्री, होतं असं. तो तसं म्हणाला नाही आणि ते बरोबरच होतं. मग म्हटलं, साखरबाईला सांगायचंय, आज घरी गेल्यावर. यावर त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मी समोरच्या बंद दाराकडे बघत होतो. एकाएकी बाकावरच्या बाईने मान वर केली. हात गळ्यात असलेला माणूस बोलता बोलता थांबला आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. मग पलीकडचा म्हातारा दाराकडे वळला. सुका उभा राहिला होता. त्याने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कान दिला, सगळा जीव कानात आणला. काही नव्हतं.

दार उघडून कमळी बाहेर आली. ती सुकापाशी गेली, दोघं काहीतरी बोलली. मी मान खाली घालून बसलो होतो, विचारण्याचा हक्क मला नव्हता. मग तिचे पाय माझ्यासमोर येऊन थांबले. मी वर बघितलं. ती अजून रागावलेलीच होती, राग तिच्या तोंडावरून गेला नव्हता. पण मला तोंड दिसावं म्हणून ती वाकली, आणि लहान पोराला सांगावं तसं सावकाश म्हणाली,

"पोरगी हाय. रडली. लय मोठ्यानं रडली."